गिझरातले थोरले

गुरुवारची संध्याकाळ होती. तोकमोक गावच्या बाजारामागच्या चारमजली इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात सव्वीस माणसं दाटीवाटीने बसली होती आणि झाडून सगळ्यांची तोंडं न्हाणीघराच्या बंद दाराकडे वळलेली होती. माणसं सव्वीसच, हे मेरिमला पक्कं ठाऊक होतं. त्यांचे चहाचे पेले तिलाच विसळायचे होते.

"गप्प बसा!" तोकोन दुवानाने, म्हणजे पितरांशी बोलतो म्हणवणाऱ्या फकिराने, हातातली काठी जमिनीवर आपटली. "थोरले येतायत. मला दिसतायत ते. घोड्यावरून उतरले... जिना चढले..."

"तिसऱ्या मजल्यापर्यंत?" कोपऱ्यातून कुणीतरी हळूच विचारलं. "गुडघे दुखायचे की त्यांचे."

"मेल्यावर गुडघे दुखत नाहीत!" दुवाना गरजला. त्याच क्षणी दाराआडून बारीक टकटक ऐकू आली. मग कुणी घसा खाकरावा तसा आवाज झाला, आणि मग पोटातून आल्यासारखी लांबलचक गुरगुर सुरू झाली.

बायकांनी तोंडावर हात घेतले. दोन पुरुषांनी डोक्यावरच्या कल्पाक टोप्या नीट केल्या. भिंतीशी बसलेल्या अनिपा-अपांच्या, म्हणजे मेरिमच्या सासूबाईंच्या, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. गुरगुरणारे थोरले म्हणजे त्यांचे यजमान बेक्तेमिर. त्यांना जाऊन चौदा महिने झाले होते.

"बेक्तेमिर बाबा, तुम्ही रागावलात का?" दुवानाने विचारलं.

गुर्रर्र.

"हो म्हणाले! घरातल्याच माणसावर रागावलात का?"

गुर्रर्र, टक, टक.

"हो म्हणाले! दोनदा म्हणाले! ते माणूस तरुण आहे का?"

गुर्रर्र.

बेक्तेमिर थोरले हयात असताना कुठल्याही गोष्टीला पहिल्या झटक्यात 'हो' म्हणाल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. साधं मीठ हवं का विचारलं तरी आधी 'नको' म्हणायचे आणि मग मागून घ्यायचे. मेल्यावर मात्र ते एकाही प्रश्नाला नाही म्हणेनात. या बदलाचं नवल सव्वीस माणसांपैकी एकालाही वाटलं नाही. सत्ताविसाव्या मेरिमला वाटलं, पण ती पडली सून. तिथल्या रीतीप्रमाणे सुनेने सासऱ्याचं नावसुद्धा उच्चारायचं नाही, मग त्यांची उलटतपासणी कुठून करणार?

दुवानाने डोळे मिटले, मान गरागरा फिरवली आणि निकाल दिला. "सात डोंगरांवर सात वर्षं तप केलेल्या या तोकोनच्या डोळ्यांना भिंतीपलीकडचं दिसतं. ऐका! या घराची सून उंबरा ओलांडून नोकरीला गेली, तर थोरल्यांचं छत्र या घरावरून उठेल. पुढच्या गुरुवारी शेवटची बैठक. मेंढा तयार ठेवा."

एवढं बोलून तो थोरल्यांना शांत करायला एकटाच न्हाणीघरात गेला. भिंतीपलीकडचं दिसणाऱ्या या माणसाने पहिल्या दिवशी आपल्याला दिव्याचं बटण कुठे आहे ते विचारलं होतं, हे मेरिमला आठवलं. दार लागलं. आतून पुटपुटणं ऐकू आलं. दोन मिनिटांत गुरगुर मंदावली आणि थांबली. बाहेर आलेल्या दुवानाच्या हाताचं चुंबन घ्यायला रांग लागली.

मेरिम पेले गोळा करू लागली. ती शिकलेली सुईण होती. लग्नाआधी तीन वर्षं तिने त्या शिक्षणात घातली होती, आणि गावच्या प्रसूतिगृहात तिची नेमणूक झाल्याचं पत्र आलेलं होतं. पुढच्या गुरुवारनंतरच्या सोमवारी सकाळी आठला ती हजर झाली नाही, तर जागा दुसरीला जाणार होती. नवरा उलान रशियात बांधकामावर होता. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "अपा म्हणेल तसं कर." आणि अपा म्हणत होती, थोरले म्हणतील तसं.

याची सुरुवात मोठ्या आनंदात झाली होती. पत्र आलं त्या दिवशीही गुरुवार होता. गुरुवारी घरोघर तेल तापवायचं, पिठाचे बोरसोक तळायचे, त्या वासाने पितर तृप्त होतात, असं तिथे सगळेच मानतात. त्या दिवशी अनिपा-अपांनी सुनेच्या कौतुकाने दुप्पट पीठ मळलं, शेजारपाजारच्यांना बोलावलं आणि परातभर बोरसोक तळले. तेलकट कढई, झारे, पराती, पेले, सगळं मेरिमने गरम पाण्याने घासलं. आणि धुतलेली भांडी पुसून ती फळीवर लावत होती तोच न्हाणीघरातून पहिली गुरगुर आली.

"हे कोण?" अपा दचकल्या.

न्हाणीघरात भिंतीवर गिझर होता. अकरा वर्षांपूर्वी बेक्तेमिर थोरल्यांनी बाजारातून स्वतः खांद्यावर आणून तो टांगला होता. अपांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्या मटकन खालीच बसल्या. "त्यांचाच आवाज," त्या म्हणाल्या. "सकाळी उठल्यावर अस्सेच खाकरायचे."

पितर अजून उपाशी आहेत असं समजून पुढच्या गुरुवारी अपांनी तिप्पट तळण काढलं. भांडी तिप्पट झाली आणि गुरगुरही वाढली. मग अपांच्या मावसबहिणीने हा दुवाना आणला. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! गिझरखालच्या छोट्या तोटीतून थेंब पडत होते, त्यांना दुवानाने 'थोरल्यांचे अश्रू' ठरवलं. सांधेदुखीपासून मुलाच्या परीक्षेपर्यंत सगळ्याला लागू! लोक बाटल्या घेऊन येऊ लागले. सकाळी गरम पाणी तांबूस येऊ लागलं, तेव्हा दुवाना म्हणाला, "थोरल्यांचं रक्त खवळलंय."

मेरिमला हे पटत नव्हतं, पण पटत नाही एवढ्याने काही होत नाही. तिने मग तिला येत होतं ते केलं. सुईणीला पहिल्या वर्षी शिकवतात ते कळा मोजायला. कधी सुरू झाली, किती वेळ टिकली, मध्ये किती मिनिटं गेली. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीमागे थोरल्यांच्या कळा लिहून ठेवायला सुरुवात केली. मोजणीच्या पहिल्या गुरुवारी भांडी घासून झाल्यावर एकोणीस मिनिटांनी गुरगुर. दुसऱ्या गुरुवारी अठरा. तिसऱ्या गुरुवारी सगळे एका लग्नाला गेले, घरात भांडं विसळलं गेलं नाही आणि थोरले तोंडातून चकार शब्द काढेनात. दुवानाने सांगितलं, "तेही लग्नाला गेलेत." पण रविवारी मेरिमने गोधड्या धुतल्या, तर दुवाना नाही, तेल नाही, पितरांचा वार नाही, आणि वीस मिनिटांनी थोरले हजर!

आजच्या बैठकीआधी दुवानाने नेहमीसारखं सगळ्यांना फर्मावलं होतं, "पितरांपुढे बसायचं तर कोपरापर्यंत गरम पाण्याने हात धुवा." सव्वीस माणसांनी हात धुतले. मग तो वीस मिनिटं मंत्र म्हणत बसला. मेरिमने कॅलेंडर उलटून लिहिलं : एकोणीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली अंगणात गेली. तळमजल्यावरच्या उर्कुया-एजे बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होत्या. एजे म्हणजे थोरली बहीण, पण या एजेंना साऱ्या इमारतीने धाकटेपण पत्करून घाबरायचं, असा रिवाज होता. गावातली घरं गरम ठेवायला वाफ पुरवणाऱ्या बॉयलरघरात त्यांनी एकतीस वर्षं नोकरी केली होती.

"एजे, गिझर गुरगुरायला लागला म्हणजे काय समजायचं?"

"म्हातारा झाला समजायचं."

"आमचे थोरले?"

"गिझर गं, बाई! तुझे थोरले बरे आहेत, ते सुटले." एजेंनी सालं फुंकून टाकली. "वय किती त्याचं?"

"अकरा."

"कधी उघडून साफ केलाय?"

"उघडता येतो?"

"हं. पाणी तांबूस येतं ते दोन्ही नळांना की फक्त गरमला?"

मेरिमने विचार केला. "फक्त गरमला. गार स्वच्छ आहे."

"म्हणजे गंज गावच्या पाण्यात नाही, तुझ्या टाकीत आहे. पाणी तापायला आता जास्त वेळ लागतो?"

"आधी अर्ध्या तासात व्हायचं. आता तास लागतो."

"आणि थेंब?"

"थांबतच नाहीत. लोक बाटल्या भरून नेतात."

"पितात?" एजेंच्या हातातली बी तशीच राहिली. "अरे देवा! मग आता त्याच्या दुखण्याचं नाव इथं बसून सांगते. आपलं पाणी जड. ते तापलं की त्यातला क्षार खाली बसतो, खडूच्या चुऱ्यासारखा. अकरा वर्षांचा थर झाला. तापणारी कॉइल त्या गाळात गाडली गेली. गाळाखाली अडकलेलं पाणी उकळतं, त्याचे बुडबुडे गाळ फोडून वर येतात. तीच टकटक आणि तीच गुरगुर. टाकी गरम असते तेव्हा गप्प. गरम पाणी काढून घेतलंस की गार पाणी भरतं, कॉइल जोरात पेटते आणि हा बोलायला लागतो. भांडी कधी घासतेस?"

"गुरुवारी तळण झाल्यावर," मेरिम म्हणाली, आणि एकदम हसत सुटली. कॅलेंडरचं पान तिने एजेंपुढे धरलं. "एजे, आम्ही थोरल्यांना खूश करायला जितकं जास्त तळतो, तितकी भांडी जास्त, तितकं गरम पाणी जास्त, आणि तितके ते जास्त गुरगुरतात!"

एजेंनी चष्मा लावून पान वाचलं. "एकोणीस, अठरा, वीस, एकोणीस. पोरी, बॉयलरघरात माझ्या हाताखाली असतीस तर तुला महिन्याभरात फोरमन केलं असतं. सासूला दाखवलंस?"

"अपा ऐकणार नाही. तिला त्यांचा आवाज हवाय, एजे." मेरिमचं हसू ओसरलं. "आणि मला सोमवारी कामावर जायचंय."

एजेंनी चष्मा काढला. "कानात सांगितलेलं माणसाला पटत नाही. चार माणसांत, डोळ्यांदेखत झालं पाहिजे. येत्या गुरुवारी मला बोरसोक खायला बोलाव."

पुढच्या गुरुवारी चाळीस माणसं आली. बाहेर दोरीला मेंढा बांधलेला होता आणि तो जाणाऱ्या-येणाऱ्याची बाटली चाटत होता. दुवानाने नवा पांढरा झगा घातला होता. सगळ्यांनी कोपरापर्यंत हात धुतले. सर्वांत शेवटी उर्कुया-एजे हात धुवायला आत गेल्या. पाठोपाठ आतून एक किंकाळी आली.

"मेन स्विच! मेरिम, आधी मेन स्विच बंद कर!"

मेरिमने धावत जाऊन खटका खाली ओढला. घरात मिणमिणता संधिप्रकाश उरला. एजे न्हाणीघराच्या दारात उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"या तोटीला बूच कुणी मारलं?"

अनिपा-अपा उभ्या राहिल्या. "मी," त्या म्हणाल्या. "दुपारी मारलं. किती दिवस रडतायत ते. बघवेना मला. म्हणून बूच लावलं आणि वरून माझा पांढरा रुमाल बांधला. काय वाईट केलं?"

"अनिपा, ते रडणं नव्हे!" एजेंचा आवाज कापत होता. "पाणी तापलं की फुगतं. वाढलेला दाब या तोटीतून बाहेर पडतो. हा सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. याचं तोंड बांधलं आणि पाणी तापल्यावर वीज तोडणारा आतला खटका एखाद्या दिवशी अडकला, तर टाकी बॉम्बसारखी फुटते. भिंतीसकट! आणि भिंतीला टेकून कोण बसलंय? चाळीस माणसं!"

भिंतीला टेकलेली माणसं एका झेपेत खोलीच्या मध्यावर आली. पण सर्वांत आधी जिन्यात पोचला तो तोकोन दुवाना. एवढ्या चपळाईने तो सात डोंगर चढला असेल की नाही, शंकाच आहे.

"अहो दुवाना!" एजेंनी हाक मारली. "भिंतीपलीकडचं दिसतं ना तुम्हाला? मग एवढं मोठं बूच कसं नाही दिसलं?"

एजेंनी हात लांब धरून बूच उपटलं. फुस्स करून गरम पाण्याची चिळकांडी उडाली आणि पुन्हा थेंब थेंब सुरू झाले. एजेंनी कपाळावरचा घाम पुसला. "आता धोका नाही. दुवाना, या ना परत. मेंढा वाट बघतोय."

मेंढ्याचं नाव ऐकून दुवानाला धीर आला. तो जिन्यातूनच ओरडला, "थोरले कोपलेत! बाईमाणसाने त्यांच्या अंगाला हात लावला!"

"कोपू देत. बोलू तरी देत." एजेंनी मेरिमला खूण केली. मेरिमने खटका वर केला आणि घड्याळाकडे पाहिलं. बाकीच्यांचे हात धुऊन झाल्यापासून वीज जाईपर्यंत नऊ मिनिटं गेली होती, ती तिने एकोणीसमधून वजा केली. आता चुकलं तर सोमवार गेला, हे तिला ठाऊक होतं. पण कळा मोजणारी बाई घड्याळावर विश्वास टाकते.

"अजून दहा मिनिटांनी बोलतील," ती खणखणीत आवाजात म्हणाली.

"थोरले काय बसगाडी आहेत, वेळेवर यायला?" दुवाना हसला.

नऊ मिनिटं झाली आणि टकटक सुरू झाली. दहाव्याला गुरगुर. चाळीस माणसांच्या माना दाराकडून मेरिमकडे वळल्या.

"आता मी विचारते," एजे दारापाशी गेल्या. "बेक्तेमिर! मी तोकमोकची राणी आहे का?"

गुर्रर्र.

"हो म्हणाले! मी अठरा वर्षांची आहे का?"

गुर्रर्र, टक.

"बघा, मेल्यावर माणूस किती गोड बोलायला लागतो!"

कुणीतरी फिसकन हसलं. दुवानाने काठी आपटली. "थट्टा करू नका! मी आत जाऊन त्यांना शांत करतो."

"जा की. पण आम्ही तोवर जिन्यात उभं राहतो."

जिन्यात भिंतीवर विजेचे मीटर होते. एजेंनी अर्ध्या माणसांना मेरिमच्या घराच्या मीटरपुढे उभं केलं. त्याचा बारीक लाल दिवा भराभर उघडझाप करत होता. "आता बाकी काही करू नका, फक्त हा दिवा बघा."

घरातून दुवानाचं पुटपुटणं ऐकू आलं. आणि सगळ्यांच्या देखत लाल दिव्याची उघडझाप मंदावली. इतकी मंदावली की दोन चमकांमध्ये माणसाने एक बोरसोक चावून गिळावा. पाठोपाठ गुरगुर थांबली.

"थोरले शांत झाले!" दुवाना बाहेर येऊन म्हणाला.

"थोरले मीटरवर चालतात तर!" चौथ्या मजल्यावरचा सुतार म्हणाला.

एजे आत गेल्या. दार सताड उघडं ठेवून त्यांनी गिझरच्या बुडाशी असलेलं गोल बटण उजवीकडे फिरवलं. जिन्यातून आरडाओरडा झाला, "पळतोय! दिवा पळतोय!" थोड्या वेळाने गुरगुर आली. बटण डावीकडे फिरवलं. "मंदावला!" आणि थोरले गप्प.

"सात डोंगर नाही, तीन मजले चढून मीही दुवाना झाले," एजे म्हणाल्या. "पण एक सांगा हो. हे बटण शोधायला मला चष्मा लागला. तुम्ही अंधारात कसं शोधलंत?"

दुवानाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने काठीकडे पाहिलं, झग्याकडे पाहिलं, आणि अखेर पुटपुटला, "अल्माटीत दोन वर्षं गिझर बसवायचं काम करत होतो."

"मग तुला ठाऊक होतं!" मेरिम पहिल्यांदाच ओरडली. सासरी येऊन दोन वर्षांत तिचा एवढा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता. "टाकी म्हातारी झालीय, पाण्यात गंज आहे, हे ठाऊक असून लोकांना ते पाजलंस?"

एक म्हातारी पुढे आली. "आणि माझ्या सांध्यांचं काय?"

"आजी, तुमच्या सांध्यांना डॉक्टर बघेल," एजे म्हणाल्या. "आणि कुणाला अजून शंका असेल, तर घरी जाऊन चहाची किटली लावा. तिच्या बुडाशी पांढरा थर असतो ना? तीही अशीच गुरगुरते. तिच्यात कोण बसलंय मग? थोरल्यांचा धाकटा भाऊ?"

हसण्याचा असा काही कल्लोळ उठला की बाहेर मेंढाही ओरडायला लागला. त्या गडबडीत दुवानाला पळता भुई थोडी झाली. मेंढ्याची दोरी सोडायचं त्याला भान राहिलं नाही.

फक्त एक माणूस हसलं नव्हतं. अनिपा-अपा न्हाणीघराच्या दारात उभ्या होत्या आणि हातातला ओला रुमाल पिळत होत्या. "म्हणजे ते नव्हतेच?" त्यांनी मेरिमला विचारलं.

मेरिमला खोटं बोलावंसं वाटलं. पण ती म्हणाली, "नव्हते, अपा."

"महिनाभर मी त्यांना रात्री झोपताना सगळं सांगत होते. दिवसभरात काय झालं ते." एवढं बोलून अपा आतल्या खोलीत गेल्या.

शनिवारी एजेंनी वीज बंद केली, टाकी रिकामी केली आणि गिझरचं बूड उघडलं. खाली बादली होती. आधी तांबडं पाणी आलं, मग चिखल, मग अंड्याच्या टरफलांसारखे पांढरे पापुद्रे, भसाभस, अर्धी बादली भरेपर्यंत. कॉइल तर चुन्याने लिंपलेल्या मोळीसारखी दिसत होती. इमारतीतल्या बायका आळीपाळीने बादलीत डोकावून गेल्या.

"ही मॅग्नेशियमची कांडी," एजेंनी एक काळी पडलेली तार दाखवली. "बोटाएवढी जाड असते. टाकीच्या वाट्याचा गंज ही स्वतःवर घेते. दोन-तीन वर्षांनी बदलायची. ही कधीच संपली, मग गंजाने टाकी खायला घेतली. हे बघा, शिवणीपाशी ओल आलीय. कॉइल साफ करता येते, कांडी बदलता येते, पण टाकीच पाझरायला लागली की नवी आणायची." मग त्यांनी बायकांकडे पाहिलं. "गुरुवारी तेल तापवा. माझ्या आईसाठी मीही तापवते, त्याने कुणाचं वाईट होत नाही. पण घरात काही गुरगुरलं, गळलं, तांबडं झालं, तर आधी त्याचं वय विचारा. गार पाणी बघा, गरम बघा. घड्याळ लावा. सोपं कारण सापडेपर्यंत अवघड कारण कुणाकडून विकत घेऊ नका. आणि जो माणूस दार लावून चमत्कार करतो, त्याला दार उघडं ठेवायला सांगा. एवढं केलंत तरी पुष्कळ!"

अनिपा-अपा बराच वेळ बादलीपाशी बसून होत्या. मग त्यांनी एक पांढरा पापुद्रा उचलला, बोटांनी चुरडला आणि एकदम म्हणाल्या, "एवढ्याशा गोष्टीला मी मेंढा द्यायला निघाले होते?" आणि त्या हसल्या. मेरिमला हायसं वाटलं, पण नोकरीचं नाव काढायचा धीर तिला झाला नाही. अपांनीही काढलं नाही.

सोमवारी सकाळी मेरिम आवरून आली तेव्हा टेबलावर चहा तयार होता. शेजारी कागदात गुंडाळलेली रोटी आणि साय होती. अपा समोर बसल्या होत्या.

"बस," त्या म्हणाल्या. "एक सांगायचंय. त्या दुवानाला तुझ्या नोकरीचं कुणी सांगितलं, ठाऊक आहे?"

"बाजारात ऐकलं असेल त्याने."

"मी सांगितलं. पहिल्याच दिवशी, जिन्यात. म्हटलं, सून कामाला जाणार, तिच्या चोवीस तासांच्या पाळ्या असतात, मुलगा परमुलखात, आणि मी या दोन खोल्यांत एकटी. भीती वाटते म्हटलं. त्याने तेच ऐकून घेतलं आणि थोरल्यांच्या नावाने मला परत दिलं. मला ते इतकं गोड लागलं, पोरी, की मी डोळे मिटून गिळलं. थोरले असते तर तुझा हात धरून तुला कामावर सोडून आले असते. नको म्हणणारी मी होते."

मेरिमने चहाचा पेला बाजूला सारला. तिने अपांचा हात धरला.

"माझी भीती मी तुला माझ्या तोंडाने सांगेन," अपा म्हणाल्या. "तू दिवसाउजेडी ऐक आणि जमेल तो उपाय कर. पाळी असेल त्या रात्री मी उर्कुयाकडे झोपायला जाईन, ती घोरते, पण चालेल. मेलेल्या माणसाला मध्ये घालायचं नाही आता. ऊठ, पावणेआठ झाले. तिकडे बायका कळा देत असतील आणि तू इथे माझ्या आसवांची मोजदाद करत बसलीयस!"